कॉइलओव्हरबद्दल फिरणारा मेसेज अर्धवट आहे

कॉइलओव्हर म्हणजे शॉक अब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग असा, गाडीची उंची बदलता येणारा सस्पेन्शनचा संच. ‘कॉइलओव्हर बसवले की स्प्रिंगखालची रिंग सैल करा, गाडी हवी तेवढी खाली येते, अलाइनमेंटची (चाकांचे कोन जुळवण्याची) गरज नाही,’ असा मेसेज फिरतोय. कृपया तसं करू नका.

रिंग फार सैल केली की गाडी जॅकवर उचलताच स्प्रिंग ढिली पडते, हाताने हलवली तर खुळखुळते. मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं की हीच स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. ज्या कॉइलओव्हरचा खालचा ब्रॅकेट आट्यांवर फिरतो, त्यात उंची ब्रॅकेटनेच बदलायची. स्प्रिंगचा ताण तसाच राहतो. ब्रॅकेट फिरत नसेल तर रिंग वापरावी लागते, पण सोबतच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेतच.

अलाइनमेंट तर हवीच. मॅकफर्सन स्ट्रटची (शॉक अब्सॉर्बरच चाकाला वरून धरतो अशा सस्पेन्शनची) गाडी खाली आली की कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि टो (वरून पाहिल्यास चाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं) दोन्ही बदलतात. हे आम्ही अलाइनमेंट मशीनवर नेहमी बघतो. त्यामुळे टायर आतल्या कडेने झिजत असला तर बाहेरून पत्ताही लागत नाही. आणखी एक: कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबर बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीचे, बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.