पातळ होतो, पण सगळीकडे सारखा नाही

वयानुसार कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, पातळ होतो, एवढंच मी वाचलेल्या लेखात आलंय. ते वाचून घरातली ज्येष्ठ मंडळी धास्तावतील. मुळात हा थरच जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीचा. निरोगी म्हातारपणात त्यातल्या पेशी फारशा मरत नाहीत. त्यांच्या फांद्या आखडतात, जोडण्या कमी होतात. कपाळामागचा, लक्ष टिकवणारा भाग जास्त झिजतो, दृष्टीचा भाग बराच टिकतो. माझ्या सासूबाई जांभळी नाक्यावर भाजी घेताना मध्येच कुणी बोललं तर हिशेब विसरतात, पण पेपरातलं शब्दकोडं आमच्याआधी सोडवतात (आडवे-उभे दोन्ही!). शब्दसंग्रह उशिरापर्यंत शाबूत राहतो. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) हा वेगळा आजार आहे, हे लेखात ठळकपणे यायलाच हवं होतं.