म्हणे दहा तास गाडी उचलत नाहीत!

आमचे कराडचे मामा बस्ता बांधायला लक्ष्मी रोडला येणारेत, आणि त्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही फिरत आला असेल, 'पुण्यात कार पार्किंग फुकटात, पाच कायदेशीर युक्त्या'. खाली मामांची पुस्ती, "चिंता मिटली". मिटली कसली!

सगळ्यात डेंजर युक्ती दुसरी. म्हणे मोटार वाहन कायदा कलम 127 प्रमाणे दहा तासांच्या आत कुठलीच गाडी उचलता येत नाही, पोलिसाला कलम दाखवा. अहो दाखवा ना, पण पूर्ण दाखवा. त्यात दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी आहे हे खरं, पण त्याच वाक्यात पुढे 'किंवा' म्हणून जिथे पार्किंगला मनाई आहे तिथे लावलेली गाडी पण आहे, आणि तिला दहा मिनिटांचीसुद्धा सवलत नाही. गणवेशातल्या पोलिसाने सांगितलं की टोइंग नाहीतर जॅमर, टोइंगचा खर्च मालकाच्या माथी, दंड वेगळा, हेही तिथंच लिहिलंय. मेसेजवाल्याने सोयीचं तेवढं कापून घेतलं. आता डोळ्यासमोर आणा, दोन्ही हातात साड्यांच्या पिशव्या, मागे वैतागलेली मामी, पुढच्या चाकाला जॅमर आणि मामा हवालदाराला मोबाईलवरून अर्धं कलम वाचून दाखवतायत.

रस्त्यावरच्या पार्किंगच्या पाटीवरचं पी 1 म्हणजे एक तास फ्री आणि पी 2 म्हणजे दोन तास, हा शोध कुणाचा देव जाणे. पी 1 ची बाजू विषम तारखेला, पी 2 ची सम तारखेला, संपलं. बाहेरच्या पासिंगला फक्त समज देतात? ई-चलन पुण्याची एमएच 12 आणि कराडची एमएच 50 असा भेद करत नाही, नो पार्किंगला पहिल्यांदा 500 रुपये, परत सापडलात तर 1500. ड्रायव्हर आत बसला की चालतं वगैरे सोडूनच द्या.

पाचवी बरी आहे, मान्य करावं लागेल. मंडईजवळ मिनर्वा, आर्यन ही महापालिकेची वाहनतळं आहेत आणि खासगीपेक्षा स्वस्तात काम होतं. पण लग्नसराईतल्या रविवारी दुपारी तिथे जागा मिळेल या भरवशावर घरून निघू नका.

मामा, त्यापेक्षा वारज्यावरून सरळ कोथरूडला आमच्याकडे या, गाडी सोसायटीत लावा, वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलायची, मंडईला उतरायचं. हा भुयारी टप्पा सप्टेंबर 2024 पासून चालू आहे. येताना ओझं जास्त झालं तर रिक्षा करू, पैसे मी देतो.