‘आठवी पास बाई बाळाचं काय तपासणार?’ : फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: आशाताई घरी येऊन नुसतं रजिस्टर भरतात, तान्ह्या बाळाचं दुखणं ओळखणं आठवी-दहावी शिकलेल्या बाईचं काम नव्हे, आणि आता बाळंतपण दवाखान्यातच होतं, मग तिनं घरी यायचं कशाला? विदर्भातली माणसं हा मेसेज पुढे पाठवतात याचं आम्हाला फार वाईट वाटतं. कारण याचं उत्तर गडचिरोलीच्या खेड्यांतल्या बायकांनी कधीच देऊन ठेवलं आहे.

आधी शिक्षणाचं बोलू. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९० च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांतून त्या-त्या गावच्याच बायका निवडल्या. शिक्षण पाचवी ते दहावी. त्यांना आरोग्यदूत म्हणत. बाळंतपणाला दाईसोबत हजर राहायचं, पुढे महिनाभर घरी जाऊन बाळ तपासायचं, जंतुदोष दिसला तर आईवडिलांच्या संमतीनं घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं, हे त्यांचं काम. तोवर खेड्यातल्या बाईच्या हाती नवजात बाळासाठी सुई देण्याचा विचारही कुणी करत नव्हतं.

१९९३-९५ मध्ये या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत अशी घट झाली नाही. इंजेक्शनं सुरू होण्याआधी जंतुदोष झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली होती; नंतरच्या ७१ बाळांत हे प्रमाण २.८ टक्के झालं. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ पासून देशभरच्या आशा याच धर्तीवर घरभेटी देतात.

आता ‘नुसतं रजिस्टर’. आशाताई आली की तिचे हात बघा. थर्मामीटर बाळाच्या काखेत, बीप वाजेपर्यंत. ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट ठीक. त्याखाली गेलं तर बाळ गार पडतंय, आणि कमी वजनाच्या बाळाला हे तापाइतकंच घातक. वजनाच्या वेळी आधी रिकामी झोळी काट्याला लावून काटा शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं. हे राहिलं तर झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं आणि २ किलोच्या आतलं, म्हणजे खास जपायचं बाळ नजरेतून सुटतं.

श्वास मोजणं सगळ्यात अवघड. बाळ रडत किंवा पीत असेल तर थांबायचं. पोट उघडं करून घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की चुकतंच, कारण नवजात बाळ मध्येच क्षणभर थांबतं, मग भराभर श्वास घेतं. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एक मिनिट मोजायचं. दुसऱ्यांदाही तेच आलं तर श्वास वेगात आहे.

गडचिरोलीच्या पद्धतीत पुढची लक्षणं बघत: हातपाय लुळे पडणं, दूध कमी किंवा बंद होणं, रडणं बारीक किंवा बंद होणं, पोट फुगणं किंवा वारंवार उलटी, अंग गार किंवा तापलेलं, छाती आत ओढली जाणं, बेंबीत पू. यातली दोन एकाच वेळी दिसली की जंतुदोष धरायचा. ‘काल बरं प्यायचं, आज ओढतच नाही’ हे आईकडून काढून घेणं त्याच गावची, त्याच बोलीत बोलणारी बाई चांगलं करते. आज आशानं इंजेक्शन द्यायचं नाही. ओळखून लगेच पुढे पाठवणं तिचं काम. मोठ्या दवाखान्यात नेणं शक्यच नसेल तर सुई नर्सबाई देतात.

राहिला दवाखान्याचा मुद्दा. दवाखान्यातून साधारण दोन दिवसांनी सुट्टी होते. जंतुदोष बरेचदा त्यानंतर, घरी दिसतो. म्हणून दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठीही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट असते; घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन गडचिरोलीतलं भामरागड तुटतं, तेव्हा त्या तालुक्यात बाळाजवळ असते ती गावातली बाईच.

भेटी चुकतात तेव्हा अनेकदा पहिलटकरीण माहेरी गेलेली असते. सासरच्या आशाला वाटतं माहेरची बघेल, माहेरच्या आशाला बाळ आल्याचं ठाऊकच नसतं. म्हणून सातव्या महिन्यातच माहेरच्या आशाचा नंबर घ्या, दवाखान्यातून निघताना तिला फोन करा. कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे सगळे शेतात असतील तर भेट सकाळी लवकर ठरवा. आणि वरचं एकही लक्षण दिसलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका; आशाताईला कळवा आणि १०२ किंवा १०८ लावा.