‘सगळ्याला चालतो’ असं आम्ही सांगायला नको होतं

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दोन स्टार आणि तीन तक्रारी. ३,२०० रुपयांच्या युनिव्हर्सल रिमोटचं एक बटण दाबलं की टीव्ही सुरू होतो, पण रिसीव्हर (स्पीकरना आवाज देणारा डबा) बंद पडतो. फायर टीव्ही स्टिकला (टीव्हीला लावून इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी छोटी काडी) तो मुळीच चालत नाही. आणि परत करायला आलात तेव्हा ‘पॅक उघडलंय, घेता येणार नाही’ हे ऐकावं लागलं. शेवटी लिहिलंय की बाबांना संध्याकाळच्या बातम्या लावायला अजूनही शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. हे वाचून फार वाईट वाटलं, कारण तुम्ही आमच्याकडे तेवढ्याचसाठी आला होतात.

आधी पैशांचं सांगतो. मन बदललं म्हणून उघडलेला माल आम्ही परत घेत नाही, हे खरं आहे. पण इथे चूक आमची आहे. घरात काय काय जोडलंय हे न विचारता ‘सगळ्याला चालतो’ म्हणून वस्तू विकली. दुकानातल्या एका टीव्हीवर चालवून दाखवली आणि तुम्हीही विश्वास ठेवलात. काउंटरवरच्या मुलाला बोल लावू नका, त्याला शिकवायचं काम माझं होतं. पूर्ण रक्कम परत मिळेल, बिल सापडलं नाही तरी.

‘रिमोट खराब निघाला’ असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र बरोबर नाही. फोनचा सेल्फी कॅमेरा त्याच्या टोकासमोर धरून बटण दाबून बघा, जांभळट उजेड लुकलुकताना दिसेल. हा रिमोट इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतो आणि त्याचं बोलणं एकतर्फी असतं. समोरचा रिसीव्हर आधीच चालू आहे की बंद, हे त्याला कळायचा मार्गच नाही. आम्ही जो कोड (बटण दाबल्यावर जाणारा इशारा) भरून दिला तो चालू आणि बंद दोन्हींसाठी एकच होता. दुपारी कुणी गाणी ऐकून रिसीव्हर तसाच ठेवला असेल, तर संध्याकाळी तेच बटण तो बंद करणार. बऱ्याच रिसीव्हरना ‘चालू’ आणि ‘बंद’ यांचे वेगळे कोड असतात. ते शोधून भरायला हवे होते, आम्ही भरले नाहीत.

फायर स्टिकचा प्रश्न निराळा आहे. ती टीव्हीच्या मागे लपलेली असते आणि तिचा रिमोट ब्लूटूथवर चालतो. इन्फ्रारेड तिला थेट समजतच नाही, कितीही कोड टाकले तरी.

तुमच्या भावाकडे लॉजिटेक कंपनीचा हार्मनी हा युनिव्हर्सल रिमोट होता आणि त्यात एका बटणावर सगळं व्हायचं, असंही तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे. कोणतं उपकरण चालू केलं, कोणतं बंद, याची नोंद तो रिमोट स्वतःकडे ठेवायचा. हबवाले (रिमोटचे इशारे उपकरणांना पोचवणारी वेगळी पेटी असलेले) प्रकार ब्लूटूथवरही बोलायचे. लॉजिटेकने एप्रिल २०२१ मध्ये ते बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. आज त्या धर्तीचा रिमोट हवा तर सोफाबॅटनसारखे पर्याय आहेत. पण फोनवरचं अ‍ॅप आणि सगळी मांडणी करत बसावी लागते. बाबांच्या हातात मी तो देणार नाही.

तुमच्याकडे सोनीचा टीव्ही आहे, रिसीव्हरला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे नेणारी सोय) आहे. माझं मत विचाराल तर नवीन रिमोट घेऊच नका. टीव्हीत ‘ब्राव्हिया सिंक’ आणि रिसीव्हरमध्ये ‘एचडीएमआय कंट्रोल’ सुरू करायचं आणि दोघांमधली केबल एआरसी लिहिलेल्या पोर्टमध्येच लावायची. मग टीव्ही लावला की रिसीव्हर आपोआप जागा होतो, आवाजही टीव्हीमार्फत त्याच्याकडे जातो. (सॅमसंगमध्ये हीच सोय ‘अ‍ॅनीनेट प्लस’ नावाने असते, एलजीत ‘सिम्पलिंक’; नावं वेगळी असल्यामुळे लोकांना ती आपल्या टीव्हीत आहे हेच ठाऊक नसतं.) सिनेमासाठी फायर स्टिकचा रिमोट पुरेल.

उरला सेट टॉप बॉक्स. तो रिसीव्हरमधून काढून थेट टीव्हीला जोडू. बाबांसाठी बॉक्सचाच रिमोट ठेवू. बऱ्याच डीटीएच रिमोटांना टीव्हीची पॉवर, सोर्स आणि आवाजाची बटणं शिकवता येतात. तसा नसेल तर शिकणारा साधा, मोठ्या बटणांचा रिमोट मी माझ्याकडून देईन. बॉक्स लाकडी शटरच्या मागे आहे असं तुम्ही म्हणालात, तर तिथे एक आयआर एक्स्टेंडर (रिमोटचा इन्फ्रारेड इशारा वायरने आत पोचवणारं छोटं उपकरण) लागेल. काचेतून इन्फ्रारेड जातं, लाकडातून नाही.

शनिवारी संध्याकाळी सहानंतर मी स्वतः येतो, भेटीचे पैसे नाहीत. बातम्यांच्या वेळेआधी आटपेल. परतीची रक्कमही तेव्हाच घेऊन येईन. चारही जुने रिमोट तेवढे शोधून ठेवा, बटणं त्यांच्यावरूनच शिकवायची आहेत. सेल मी आणतो.