चाळिशीनंतर काढता येत नाही? कलम 15 आधी वाचा

नोकरकपातीची बातमी आली की एक ढकलपत्र पुन्हा फिरू लागतं: "संविधानाच्या कलम 15 नुसार वयावरून भेदभाव हा गुन्हा आहे. चाळिशीपुढच्या माणसाला वयामुळे काढता येत नाही. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली तक्रार करा, भरपाई मिळेल." पाठवणाऱ्याला धीरच द्यायचा असतो. पण यातलं एकही वाक्य खरं नाही.

कलम 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान एवढंच आहे. सरकारी नोकरीच्या कलम 16 मध्ये कूळ आणि निवासस्थानाची भर पडते. वय दोन्हीकडे नाही. असतं, तर एमपीएससीच्या जाहिरातीत खुल्या गटाला 38 ची अट घालता आली असती का?

"मग हवाईसुंदरींचा खटला?" असं कुणी तरी विचारतंच. 1981 चा एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा खटला तो. हवाईसुंदरींना 35 व्या वर्षी निवृत्ती, पुढची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर, आणि पहिल्या गरोदरपणातच नोकरी संपली! सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि ती बेलगाम मर्जी रद्द केली. ती समानतेच्या कलम 14 खाली, आणि एअर इंडिया तेव्हा सरकारी महामंडळ होतं म्हणून. हिंजवडीतल्या खासगी कंपनीला कलम 14 असं थेट लावता येत नाही.

चाळिशीचा आकडा बहुधा अमेरिकेतून आलाय. तिथल्या 1967 च्या कायद्याने 40 आणि त्यापुढच्यांना नोकरीत संरक्षण आहे, किमान 20 कर्मचारी असलेल्या मालकांपुरतं. न्यू जर्सीतल्या भाच्याला ते उपयोगी, पुण्यातल्या मामाला नाही. आपला 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा साठीनंतरच्यांना मुलांकडून, वारसांकडून निर्वाहखर्च मिळवून देतो. मालकाशी त्याचा संबंध नाही.

खरं संरक्षण आहे ते कामगार कायद्यात, आणि त्यात वयाचा उल्लेखही नाही. कपात करायची तर एकाच प्रकारच्या कामातला शेवटी आलेला आधी जातो. उलट करायचं तर मालकाला कारणं नोंदवावी लागतात. वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा नियम केवढा मोलाचा, बघा. शिवाय वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. अट एकच, तुम्ही 'कामगार' या व्याख्येत बसायला हवं. ते हुद्द्याच्या नावावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' छापलंय म्हणून लगेच हार मानू नका.

हे सगळं एचआरलाही ठाऊक असतं. म्हणून तर "सन्मानाने जा" म्हणत राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला जातो. स्वखुशीने दिलेला राजीनामा ही कपात नव्हे. सही झाली की वरची भरपाई गेली. सही दबावाखाली केली हे मग तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं. ग्रॅच्युइटी मात्र राजीनाम्यानंतरही मिळते, कायदा लागू असलेल्या ठिकाणी पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर.