उशी माझ्या मागावर आहे

मी घोरत नाही. हे मी गेली बावीस वर्षं घरात ठामपणे सांगत आलोय. तरीही एका रात्री, सगळी निजानीज झाल्यावर, मी संगणकासमोर बसलो आणि हळूच टाइप केलं : 'घोरणे बंद करण्याचे उपाय'. निव्वळ कुतूहल. दहा मिनिटं वाचलं, टॅब बंद केला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून उशी सुरू झाली.

मधे खळगा, दोन्ही बाजूंना शिंगं काढल्यासारखे उंचवटे, अशी पांढरीशुभ्र उशी. बातमी उघडावी तर उजव्या कोपऱ्यात उशी. हवामान बघावं तर ढगांच्या खालोखाल उशी. शब्दकोडं सोडवायला बसलो तर 'आडवे सात'च्या शेजारी तीच, आणि तिच्यावर जगातला सर्वांत समाधानी माणूस झोपलेला. चौथ्या दिवशी बायकोला एक बातमी दाखवायला म्हणून मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. बातमीच्या मधोमध लिहिलेलं होतं : 'आता तरी तिला शांत झोपू द्या!'

तिने बातमी वाचली, उशी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेली. बोलली असती तर परवडलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी बावीस वर्षांची मूठ एका उशीने उघडली.

संगणकातलं सगळं कळणारा एक भाचा बहुतेकांना असतो. मलाही आहे. त्याला फोन लावला.

"मामा, इनकॉग्निटोमध्ये का नाही शोधलंत?" तो म्हणाला. आणि मी काही विचारायच्या आत स्वतःच पुढे, "अर्थात त्याचाही काही उपयोग नाही म्हणा. ती खिडकी बंद केली की तुमच्या संगणकावरचा इतिहास आणि कुकीज पुसल्या जातात, बस. वेबसाइटला तुम्ही दिसता, इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसता, ऑफिसात असाल तर ऑफिसलाही दिसता. लपतं ते फक्त घरच्यांपासून."

"अरे, मला तेवढंच हवं होतं!"

पण तोवर भाच्याला स्फुरण चढलं होतं. त्याने मला कुकीचा जन्म सांगितला. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली नावाच्या इंजिनिअरने ती शोधली, कारण वेबसाइटला विसरभोळेपणा होता : पुढच्या पानावर गेलं की आधीच्या पानावर कोण आलं होतं हेच तिला आठवत नसे. मग तुम्ही खरेदीच्या टोपलीत टाकलेली वस्तू लक्षात राहावी म्हणून तुमच्याच संगणकात एक चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठी चांगल्या हेतूची होती. पुढे जाहिरातवाल्यांच्या लक्षात आलं, की आपली जाहिरात हजार ठिकाणी असेल तर हजारही ठिकाणी आपली चिठ्ठी वाचता येते. तिथून उशीपर्यंत फार अंतर नाही.

"आता तुमची हिस्टरी बघा," भाचा म्हणाला आणि ती कुठे सापडते ते सांगून त्याने फोन ठेवला. बघायला नको होती. माणसाने स्वतःचा क्ष-किरण फोटो एकट्याने बघू नये, तसंच हे. 'उजव्या गुडघ्यात कट आवाज.' 'कट आवाज गंभीर आहे का.' 'गुडघा आवाज मृत्यू.' दुसऱ्या दिवशी 'बॅडमिंटन रॅकेट'. पुढच्या महिन्यात 'साहेबांना नम्रपणे नकार कसा कळवावा' आणि त्यानंतर चारच मिनिटांनी 'होकार कसा कळवावा'. 'आशीर्वाद' या शब्दातला 'शी' दीर्घ की ऱ्हस्व, हे मी गेल्या काही वर्षांत अकरा वेळा विचारलंय. कोणीतरी माझं चरित्र लिहून ठेवलं होतं, आणि लेखक मीच होतो.

नाव नसलं तर काय बिघडतं, असं मलाही वाटलं होतं. पण २००६ साली एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी साधारण साडेसहा लाख लोकांचे दोन कोटींच्या आसपास शोध खुले केले होते. नावं काढून फक्त क्रमांक ठेवले. काही दिवसांतच पत्रकारांनी एका क्रमांकाने काय काय विचारलंय ते वाचलं आणि त्या क्रमांकामागच्या बाईंना शोधून काढलं. माझ्या बाबतीत तेवढेही कष्ट पडले नसते. कट आवाजाच्या दिशेने चालत यायचं.

म्हणून ठरवलं : सर्च इंजिन बदलायचं, ब्राउझरही बदलायचा.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्यात सर्च इंजिनचाही समावेश करायला हवा. डकडकगो हे २००८ सालचं, मुलांच्या एका खेळावरून नाव घेतलेलं, तुमची नोंद न ठेवण्याचं वचन देणारं इंजिन. आवडलं. मग कळलं की त्याची उत्तरं बहुतांशी मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. नेदरलँड्सचं स्टार्टपेज घ्यावं, तर ते तुमचा प्रश्न तुमचं नाव न सांगता गूगलला विचारतं आणि उत्तर आणून देतं. म्हणजे शेजाऱ्याकडून मिरवणुकीचा मार्ग विचारून घेतल्यासारखं. इकोसिया जाहिरातींच्या पैशातून झाडं लावतं. माझ्या गुडघ्याच्या चिंतेवर आजवर एक छोटं जंगल उभं राहिलं असतं, हे मला पटलं, पण झाडांचा आणि गुप्ततेचा संबंध लावता येईना. ब्रेव्ह सर्च आणि ब्रिटनचं मोजीक यांनी मात्र इंटरनेटवरच्या पानांची सूची स्वतःच बांधली आहे. बाकी घागरी पुष्कळ, विहिरी मोजक्या.

एका इंजिनाला (कोणत्या ते सांगत नाही, त्याचीही गुप्तता आहे) मी परीक्षेखातर विचारलं, 'घोरणे'. त्याने मला घोरपडीचे फोटो दाखवले. ते बघून मला एकदम सुरक्षित वाटलं. ज्याला मी काय विचारतोय हेच कळत नाही, तो माझं गुपित कोणाला सांगणार?

ब्राउझरचं कूळ तर त्याहून गुंतागुंतीचं. एज, ऑपेरा, विवाल्डी, ब्रेव्ह ही सगळी क्रोमियम या गूगलच्या सांगाड्यावर उभी, म्हणजे गूगलच्याच घराण्यातली लेकरं. फायरफॉक्स वेगळ्या रक्ताचा, स्वाभिमानी. पण तो बनवणाऱ्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलकडून येतं, सर्चच्या चौकटीत आधीपासून गूगल ठेवल्याबद्दल. आणि ब्रेव्ह काढणाऱ्यांपैकी एक, ब्रेंडन आइक, म्हणजे १९९५ साली दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या वेबपानं हलती-बोलती करणाऱ्या संगणकीय भाषेची पहिली आवृत्ती लिहिणारा माणूस. आज वेबसाइटी ज्या हत्याराने आपल्या घरात डोकावतात ते बऱ्याचदा जावास्क्रिप्टच. आधी खिडकी बसवली, मग पडदेही आणून दिले. मला यात तक्रार नाही. उलट पडद्याचं माप त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

भाच्याचं मत टॉर या ओळख लपवणाऱ्या ब्राउझरच्या बाजूने होतं. टॉरमध्ये तुमची विनंती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गुंडाळून तीन संगणकांमधून फिरवतात, आणि ती कोणाची व कुठे चालली आहे, या दोन्ही गोष्टी तिघांपैकी कोणालाच एकत्र कळत नाहीत. इतकं फिरून यायचं म्हणजे वेळ लागणारच. खिडकी मोठी केली की तो कडेला रिकामी पट्टी सोडतो, कारण तुमच्या स्क्रीनचं नेमकं मापसुद्धा तुमची ओळख सांगतं. या वेशात मी माझ्या बँकेच्या साइटवर गेलो. बँकेला वाटलं, चोर आला. खातं गोठलं. ते सोडवायला मी स्वतः बँकेत गेलो आणि आधी ज्या ज्या गोष्टी लपवल्या होत्या त्या सगळ्या तीन प्रतींत लिहून दिल्या.

त्यानंतर मध्यम मार्ग : फायरफॉक्स, आणि त्यावर एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम. एक जाहिराती अडवणारं, एक माग काढणारे ट्रॅकर अडवणारं, एक कुकी खाणारं, एक बाकीची तीन नीट काम करतात का ते बघणारं. आता प्रत्येक साइट मला चौकात अडवू लागली. "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा." नऊ चौकोनांतले सिग्नल ओळखा. सिग्नलचा खांब हा सिग्नल धरायचा की नाही, या प्रश्नावर मी दोनदा नापास झालो. बायको मागून म्हणाली, "अहो, मी सांगू का त्यांना?"

भाच्याने मग शेवटचा बॉम्ब टाकला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेची एक चाचणी आहे; तुमचा ब्राउझर गर्दीत किती उठून दिसतो ते ती सांगते. २०१० साली त्यांनी पावणेपाच लाखांच्या आसपास ब्राउझर तपासले, तर त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. स्क्रीनचं माप, वेळेचा पट्टा, बसवलेले फॉन्ट असल्या किरकोळ गोष्टी जोडत गेलं की बोटाचा ठसा तयार होतो, कुकी लागतच नाही. मी चाचणी दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी अद्वितीय ठरलो. कारण? हौसेने गोळा केलेले एकोणचाळीस देवनागरी फॉन्ट, आणि लपण्यासाठी घातलेली ती चार एक्स्टेंशन्स. भर गर्दीत एकच माणूस बुरखा घालून चाललाय म्हटल्यावर सगळे त्याच्याकडेच बघणार.

फॉन्ट काढताना जीव तुटला. तीन एक्स्टेंशन्स मात्र आनंदाने उडवली. एक ठेवलं, सर्चला डकडकगो लावलं, आणि उशी गेली. बातमीच्या कडेला बातमी दिसू लागली, ढगांखाली पाऊस.

महिन्याभराने बायको म्हणाली, "अहो, हल्ली तुमची उशी दिसत नाही."

"कुठली उशी?"

"खळग्याची. मला वाटलं, घेताय."

"मी कशाला घेऊ? मी घोरत नाही."

"बरं. मग माझ्यासाठी शोधा."

शोधली. हे इंजिन जाहिराती दाखवतं, पण माणूस बघून नाही, फक्त टाइप केलेले शब्द बघून. त्याला मी कोण, माझा गुडघा कोणता, काही ठाऊक नव्हतं. पहिलीच जाहिरात आली. तीच शिंगं, तोच खळगा, तोच झोपलेला समाधानी माणूस.

"हीच," बायको म्हणाली.

खरेदीचा फॉर्म उघडला. नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल, जन्मतारीख. मी मुकाट्याने सगळं भरत गेलो. शेवटी एक रकाना होता. 'घोरण्याची तीव्रता : सौम्य / मध्यम / तीव्र.' मी माउसचा बाण 'सौम्य'वर नेला.

बायकोने माउस माझ्या हातातून काढून घेतला.