खडूचं रेखाटन अजून चालतं
‘कॅड (संगणकावरचं रेखाटन) आल्यावर हाताने रेखाटन शिकवणं म्हणजे वेळ घालवणं’ हे एका लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. आणि तेही सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली त्या आमच्या वडोदऱ्यात बसून वाचायचं! मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लेथ यंत्रावर काम करणाऱ्या टर्नरशी बोलताना मी लॅपटॉप उघडतच नाही; लेथशेजारच्या पत्र्यावर ३० अंशांच्या तिरप्या रेघा ओढून वस्तूच्या तीन बाजू एकत्र दाखवणारं आयसोमेट्रिक चित्र काढतो. परवा एक स्टेप शाफ्ट (पायरीपायरीने जाडी बदलणारा दांडा) काढला, तर टर्नरकाकांनी माझ्या हातातला खडू घेऊन पायरीच्या कोपऱ्यात छोटी गोलाई दिली. म्हणाले, “इथे काटकोन ठेवलात तर तडा इथूनच जाणार, साहेब.” छापील ड्रॉइंगवर असं खोडायला कोण धजावतं? टॉलरन्स (मापांत किती फरक चालेल ते आकडे) मात्र खडूच्या भरवशावर सोडू नयेत, ते ड्रॉइंगवरच लिहून द्यावेत.